सुपरचार्ज्ड गाडीचं कूलंट घरी बदलताना: दोन वाटा आणि अडकलेली हवा

जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, काढायला अर्धा तास पुरतो, नवं ओतायला त्याहून कमी. सुपरचार्ज्ड गाडीत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर असलेल्या गाडीत, दिवस जातो तो या द्रवात अडकलेली हवा काढण्यात, आणि नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं.

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा इंजिनाची बाजू व्यवस्थित झाली होती. काटा मधोमध, हीटर गरम, टाकीतली पातळी जागच्या जागी. झालं काम, असं समजून पाने पुसून ठेवले. दोन दिवसांनी एका लांब चढावर गाडी जड वाटायला लागली. पाय दाबला तरी नेहमीची ओढ नव्हती. तापमानाचा काटा मात्र जराही हलला नव्हता. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावून पाहिलं तर सुपरचार्जरनंतरच्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा पन्नासएक अंशांनी वर. इंटरकूलरच्या, म्हणजे सुपरचार्जरमधून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, पाण्यात हवेचा गोळा अडकला होता आणि तिथला छोटा इलेक्ट्रिक पंप त्या हवेत नुसता फिरत होता. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याचा असतो, या दुसऱ्या पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. पुढचं सगळं लिहिताना तो चढ माझ्या डोक्यात आहे.

आधी पाण्याची वाट कागदावर काढा

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना रूट्स पद्धतीच्या (दोन फिरत्या रोटरने हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरने ०.६ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्यापेक्षा तेवढा जास्तीचा दाब, दिला, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सहज १०० अंशांच्या आसपास जाते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याचा धोका, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि ताकद कमी होते. हे टाळायला हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. बऱ्याच गाड्यांत तो सुपरचार्जरच्या पोटातच किंवा त्याच्या खाली बसवलेला असतो आणि त्यातून पाणी खेळतं. ते पाणी पुढच्या बंपरमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येतं. म्हणजे गाडीत पाण्याच्या दोन वाटा: एक इंजिनाची, जिथे पाणी ९० अंशांच्या आसपास असतं, आणि एक इंटरकूलरची, जिथलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा फार गरम होता कामा नये.

तुमच्या गाडीत या वाटा वेगळ्या आहेत की एकमेकींना जोडलेल्या, हे आधी शोधा. २००७ नंतरच्या शेल्बी जीटी५००मध्ये इंटरकूलरची टाकी स्वतंत्र आहे. ऑडीच्या ३.० टीएफएसआय इंजिनात दोन्ही वाटा एकाच एक्सपान्शन टाकीवर (तापून फुगलेल्या कूलंटला जागा देणाऱ्या टाकीवर) येतात. आणि पहिल्या पिढीच्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसमध्ये, म्हणजे आर५३मध्ये, इंटरकूलर हवेवरच थंड होतो, त्यामुळे दुसरं पाणीच नाही. तिथे गंमत वेगळीच आहे: इंजिनाचा वॉटर पंप सुपरचार्जरच्या टोकाला बसवलेला आहे आणि त्याच्याच गिअरवर फिरतो.

गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा: प्रत्येक वाटेची एकूण क्षमता लिटरमध्ये, कूलंटचं स्पेसिफिकेशन, ड्रेन (पाणी काढायचे प्लग) कुठे आहेत, आणि हवा काढायचे स्क्रू कुठे आहेत. मग बोनेट उघडून एकेक होस (रबरी नळी) हाताने चाचपत कुठून कुठे जातो ते रेखाटा. वीस मिनिटांचं काम आहे, पण हे चित्र दिवसभर उपयोगी पडतं. सगळ्यात उंच जागेवर गोल करा, कारण हवा तिथेच जाऊन बसणार. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असेल तर ती जागा बहुतेक तोच असतो.

कूलंट रंगावर निवडू नका

हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा, जांभळा हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. रंगाला कुठलंही बंधनकारक मानक नाही. महत्त्वाचं असतं ते आतलं गंजरोधक रसायन. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट असतं आणि ते साधारण दोन वर्षांत संपतं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंटं पाच वर्षं किंवा जास्त चालतात. या दोन्हींचं मिश्रण असलेले हायब्रिड प्रकारही आहेत. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले तर गंजरोधकाचं आयुष्य घटतं, आणि वाईट वेळ असेल तर घट्ट गाळ बसतो. इंटरकूलरच्या नळ्या अरुंद असतात, तिथे हा गाळ पहिल्यांदा त्रास देतो. म्हणून मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

शक्यतो कॉन्सन्ट्रेट घ्या, आधीच पाणी मिसळलेलं नको. कारण पुढे भरताना गणितात सांगतो. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच हवं. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर पांढरा थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो.

निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. एथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. झाकणाने १ बार दाब धरला की उकळबिंदू १३०च्या जवळ जातो. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण असं मात्र नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, आणि ते पाण्यापेक्षा खूपच कमी उष्णता वाहून नेतं. थंडी नसलेल्या ठिकाणी काहीजण इंटरकूलरच्या वाटेत पाण्याचं प्रमाण वाढवतात. त्याने हवा थोडी जास्त थंड होते हे खरं, पण नुसतं पाणी कधीही ठेवू नका. त्या वाटेतही ॲल्युमिनियम आहे, आणि पंपाच्या बेअरिंगला वंगण त्याच द्रवाचं असतं.

हाताशी काय हवं

जॅक आणि दोन भक्कम स्टँड, रुंद ट्रे, लिटरच्या खुणा असलेली बादली, होस क्लॅम्पची पक्कड, रबरी हातमोजे, चष्मा, लांब नरसाळं (टाकीच्या तोंडावर घट्ट बसणारं मिळालं तर फारच सोय होते), रिफ्रॅक्टोमीटर (एका थेंबावरून कूलंटचं प्रमाण दाखवणारं यंत्र), आणि ओबीडी स्कॅनर. नव्या ओ-रिंग्ज आणि ड्रेन प्लगचं वायसर आधीच आणून ठेवा. एअर कॉम्प्रेसर असेल तर व्हॅक्यूम फिलर (आतली हवा ओढून काढून मग कूलंट भरणारं अवजार) जरूर मिळवा. सुपरचार्ज्ड गाडीत या एका अवजाराचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचा होत नाही.

आता दोन धोके. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. दाब सुटला की १०० अंशांच्या वरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. गाडी रात्रभर उभी असलेली सर्वांत चांगली. दुसरं, एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. लहान मुलांनाही तेवढाच धोका. काम चालू असताना ट्रे एकटा सोडून आत जाऊ नका, सांडलेलं लगेच पाण्याने धुऊन फडक्याने टिपा. आणि किल्ली खिशात नको, गाडीपासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

जुनं काढणं

इग्निशन चालू करून हीटर पूर्ण गरमवर न्या, मग बंद करा. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो, तो उघडा राहिला पाहिजे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पुढची बाजू स्टँडवर. गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. खालचं प्लास्टिकचं आवरण काढा.

एक्सपान्शन टाकीचं झाकण हळूहळू उघडा आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला ड्रेन प्लग सैल करा. हा प्लग बहुतेक प्लास्टिकचा असतो, त्यामुळे हाताने किंवा अगदी हलक्या दाबाने फिरवा. नसेलच तर खालचा मोठा होस काढा. अनेक व्ही आकाराच्या इंजिनांत ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना वेगळे प्लग असतात. ते काढता आले तर बरंच जास्त पाणी निघतं, पण गंजून बसले असतील तर जोर लावू नका, पुढे जास्त वेळा धुऊन तेच साधता येतं.

निघालेलं पाणी मोजा. हा आकडा पुढे लागणार आहे.

इंटरकूलरची वाट स्वतंत्र असेल तर त्या बाजूच्या छोट्या रेडिएटरचा सर्वांत खालचा होस काढा. तिथून गुरुत्वाकर्षणाने निम्मंअर्धंच येतं. बाकीचं इंटरकूलरमध्ये आणि पंपात अडून राहतं. टाकीच्या तोंडातून अगदी हलक्या दाबाची हवा द्या, म्हणजे राहिलेलं घरघरत बाहेर येईल. जोराची हवा देऊ नका, इंटरकूलरच्या पातळ सांध्यांना ती सोसत नाही. आणि पंप चालवून पाणी बाहेर काढायचा मोह आवरा. हे पंप कोरडे फिरले की बेअरिंग खातात.

बरणीतलं कूलंट

दोन्ही वाटांतलं थोडं थोडं जुनं कूलंट दोन स्वच्छ काचेच्या बरण्यांत घेऊन रात्रभर ठेवा. हे मी प्रत्येक वेळी करतो. सकाळी उजेडासमोर धरलं की गाडीच्या आत काय चाललंय ते दिसतं. तळाला लालसर वाळू म्हणजे कुठेतरी लोखंड गंजतंय. पांढरट, खडूसारखी पूड असेल तर क्षार, किंवा ॲल्युमिनियम झिजतंय. वर तेलाचा रंगीत पापुद्रा किंवा दुधाळ साय असेल तर थांबा. तेल कूलरचा सांधा किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं, आणि त्याचा शोध लागेपर्यंत नवीन कूलंट भरणं म्हणजे ते वाया घालवणं.

इंटरकूलरच्या बाजूला आणखी एक गोष्ट तपासायची असते. बाहेर कुठेही गळती नसताना त्या टाकीची पातळी सतत खाली जात होती का? तसं असेल तर इंटरकूलरलाच बारीक छिद्र असण्याची शक्यता धरा. तो हवेच्या वाटेत बसलेला आहे, त्यामुळे तिथली गळती थेट इंजिनात जाते. थोडी असेल तर सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. जास्त झाली आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असा संशय असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी स्पार्क प्लग काढून बघा आणि इंटरकूलरची प्रेशर टेस्ट करून घ्या.

धुणं

ड्रेन बंद करा, इंजिनाच्या वाटेत पाणी भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत चालवा. तो बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. वरचा होस गरम झाला की समजा पाणी सगळीकडे फिरलं. मग इंजिन बंद करून पूर्ण निवू द्या आणि पाणी काढा. तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतू नका, धातूला तो धक्का चांगला नाही. असं पाणी नितळ येईपर्यंत करत राहा, साधारण तीन-चार वेळा. सुरुवातीच्या फेऱ्यांना स्वच्छ नळाचं पाणी चालेल, शेवटची किमान एक फेरी मात्र डिस्टिल्डची, म्हणजे ब्लॉकमध्ये उरलेलं पाणीही क्षारमुक्त राहील.

बाजारात मिळणारी फ्लशची रसायनं मी सरसकट वापरत नाही. बरणीत गंज किंवा गाळ दिसला तरच, तीही ॲल्युमिनियमला चालतील अशीच, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरती. नंतर दोन फेऱ्या जास्त. आत आम्ल उरलं तर नवं गंजरोधक काही दिवसांत संपतं.

इंटरकूलरची वाट धुताना होस उलट दिशेने लावा: नेहमी ज्या तोंडातून पाणी बाहेर येतं तिथून आत. नळाचा दाब कमीच ठेवा. त्या बारीक पत्र्यांत अडकलेला गाळ उलट प्रवाहानेच सुटतो. पहिल्यांदा केलं तेव्हा सुरुवातीला स्वच्छ पाणी आलं आणि मग मिनिटभराने तपकिरी गुठळ्या सुटल्या. म्हणून पाणी स्वच्छ दिसलं तरी लगेच थांबू नका. बाहेरून पुढच्या छोट्या रेडिएटरच्या पाकळ्याही धुवा. किडे आणि धूळ बसून तो निम्मा बंद झाला असेल तर आतलं पाणी कितीही नवं असलं तरी उपयोग नाही.

गाडी मोकळी आहे तोवर

हे कूलंट परत लवकर काढायचं नसेल तर आत्ता काय बदलायचं ते ठरवा. होस दाबून बघा: दगडासारखा कडक, फुगलेला किंवा पिचपिचीत असेल तर बदला. झाकणाचं रबर भेगाळलं असेल तर नवं झाकण घ्या आणि त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवा. दोन टाक्या असतील तर झाकणं अदलाबदल करू नका, त्यांचे दाब वेगळे असू शकतात. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असतं. तिथे वाळलेल्या कूलंटची रांग दिसली तर पंपाचा सील जायला लागलाय. काही व्ही-८ इंजिनांत प्लास्टिकचे कूलंट पाइप सुपरचार्जरच्या खालून जातात आणि वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतात. त्यांना हात लावायला सुपरचार्जर उतरवावा लागतो, म्हणून दुसऱ्या कामासाठी तो उतरला असेल तर ते पाइप तेव्हाच बदलणं शहाणपणाचं.

भरण्याचं गणित

इथे बरेच जण फसतात. समजा इंजिनाच्या वाटेची क्षमता १२ लिटर आहे आणि शेवटच्या धुण्यानंतर तुम्ही ८ लिटर पाणी काढू शकलात. म्हणजे आत ४ लिटर पाणी अजून आहे. आता आधीच मिसळलेलं निम्मं-निम्मं कूलंट ८ लिटर ओतलं तर त्यात शुद्ध कूलंट ४ लिटर. बारात चार, म्हणजे प्रमाण ३३ टक्के.

कॉन्सन्ट्रेट असेल तर सोपं आहे. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ६ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता. मग उरलेली २ लिटर जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. आतलं ४ लिटर आणि हे २ लिटर मिळून पाणीही ६ लिटर झालं. इंजिन फिरल्यावर हे सगळं आपोआप मिसळतं. दोन्ही वाटा एका टाकीवर असतील तर दोन्हींची एकत्र क्षमता धरा. नंतर रिफ्रॅक्टोमीटरने थेंब तपासा, पण त्यावर एथिलीन आणि प्रोपिलीन अशा दोन पट्ट्या असतात, आपली योग्य पट्टी वाचा.

व्हॅक्यूमने भरणं

होस, प्लग, क्लॅम्प सगळं बसवून झालं की टाकीच्या तोंडावर व्हॅक्यूम फिलर लावा आणि कॉम्प्रेसरची हवा सोडा. काटा उणे ०.८ बारच्या आसपास जातो. होस चपटे होतात, ते पाहून घाबरू नका. झडप बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. काटा तिथेच राहिला तर सांधे घट्ट आहेत. सरकला तर पाणी भरायच्या आधीच गळती कळली, हा मोठा फायदा.

मग फिलरची नळी कूलंटच्या भांड्यात बुडवा आणि झडप उघडा. आत हवाच जवळजवळ उरलेली नसल्यामुळे कूलंट उंच कोपऱ्यांतही खेचलं जातं. भांडं मधेच रिकामं होऊन नळीने हवा ओढू नये एवढं बघा. आधी कॉन्सन्ट्रेट, मग पाणी, हा क्रम इथेही पाळायचा. स्वतंत्र वाट असेल तर तिलाही वेगळा व्हॅक्यूम द्या. इंटरकूलर टाकीपेक्षा उंचीवर असेल तर मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीच्या वाटेला जात नाही.

नरसाळ्याने भरणं

व्हॅक्यूम फिलर नसेल तर गाडीची पुढची बाजू उचलून टाकीचं तोंड सर्वांत उंच येईल असं करा. हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवा. कूलंट बारीक धारेने ओता. घाईत ओतलं की कूलंट हवेला खाली दाबून ठेवतं. प्रत्येक स्क्रूमधून आधी फसफस येते, मग बुडबुडेवाली धार, मग सलग धार. सलग धार आली की तो स्क्रू बंद करा. पितळी किंवा प्लास्टिकचा असतो, हलक्या हाताने. मधूनमधून वरचा आणि खालचा मोठा होस दाबत राहा. प्रत्येक दाबाबरोबर नरसाळ्यात बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली बसेल.

इंटरकूलरच्या वाटेत हवा काढणं

इथे पंप स्वतः पाणी ओढू शकत नाही. तो फक्त आपल्यापर्यंत आलेलं पाणी पुढे ढकलतो. म्हणून टाकी आधी काठोकाठ भरा, होस दाबून पाणी पंपापर्यंत उतरवा, आणि मगच तो चालवा. काही गाड्यांत इग्निशन चालू केलं की पंप फिरतो, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आज्ञा द्यावी लागते. दोनच वायरींचा साधा पंप असेल तर फ्यूज लावून बॅटरीवरून चालवता येतो. तीन-चार वायरी असतील तर त्याला कंट्रोलचा सिग्नल लागतो, तिथे थेट बारा व्होल्ट देऊ नका.

पंप दहा सेकंद चालवा, थांबा, पातळी भरा, परत चालवा. थांबणं महत्त्वाचं, कारण प्रवाह थांबला की बारीक बुडबुडे एकत्र येऊन उंच जागी सरकतात. कान पंपाकडे ठेवा. हवेत फिरणारा पंप खरखरीत, मोकळा घर्र आवाज करतो. पाणी धरलं की तोच आवाज खाली उतरतो, जड आणि एकसारखा होतो. टाकीत परत येणारी धार दिसत असेल तर ती बघा. आधी ती थुंकल्यासारखी तुटक येते. मग एखादा मोठा गोळा 'बुळुक' करून फुटतो, टाकीतली पातळी एकदम बोटभर खाली जाते आणि त्यानंतर धार काचेसारखी सलग दिसते. तो बुळुक होईपर्यंत काम झालेलं नाही. माझ्या त्या पहिल्या वेळी तो झालाच नव्हता. पुढे गाडीचं नाक आणखी वीतभर उचललं आणि पंप तिसऱ्यांदा चालवला, तेव्हा कुठे तो आला.

पहिलं सुरू करणं

बोनेट उघडं, हीटर गरमवर, स्कॅनर लावलेला. इंजिन आयडलवर तापू द्या, रेस करू नका. नरसाळं लावलेलं असेल तर थर्मोस्टॅट उघडताना पातळी अचानक खाली जाईल, ती भरत राहा. गाडीच्या आत हीटरमधून येणारी हवा आधी कोमट, मग गरम झाली पाहिजे. इंजिन गरम आणि हीटर थंड म्हणजे हवा अडकली आहे. तापमान १०५च्या पुढे चढायला लागलं तर लगेच बंद करा, पूर्ण निवू द्या आणि पातळी पाहा. फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, मग झाकण लावून इंजिन बंद करा.

इंटरकूलर तपासायला इंजिन चालू असताना छोट्या रेडिएटरचे दोन होस हाताने चाचपा, बेल्ट आणि फॅनपासून हात लांब ठेवून. दोन्हींत किंचित थरथर जाणवली पाहिजे, आणि गाडी फिरवून आल्यावर आत जाणारा होस बाहेर येणाऱ्यापेक्षा थोडा गरम. एक तापलेला आणि दुसरा अगदी थंड असेल तर पाणी फिरत नाहीये.

मग रस्त्यावर. आधी दहा-पंधरा मिनिटं सावकाश, मोकळ्या रस्त्यावर नंतर थोडा बूस्ट. सोबत कोणी असेल तर स्कॅनरवर सुपरचार्जरनंतरच्या हवेचं तापमान त्यांना वाचायला सांगा, चालवताना स्वतः बघू नका. बूस्टमध्ये आकडा वर जाणारच. बघायचं ते हे, की पाय काढल्यावर तो अर्ध्याएक मिनिटात खाली उतरायला लागतो का. वर जाऊन तिथेच बसला तर परत पंपाकडे या.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, दोन्ही पातळ्या पाहा. थोडी उतरलेली असेल तर उरलेली हवा बाहेर आली आहे, त्याच मिश्रणाने भरा. पुढे तीन-चार दिवस रोज हेच. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही पातळी उतरत असेल तर ती हवा नाही, गळती आहे. हाताने दाब द्यायचा टेस्टर लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा. दाब घसरतोय पण बाहेर कुठेही थेंब नाही, असं झालं तर संशय परत हेड गॅस्केट आणि इंटरकूलरवर.

जुनं कूलंट गटारात, मातीत किंवा मोरीत ओतू नका. नव्या कूलंटच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, मोठ्या अक्षरांत 'विष, जुनं कूलंट' असं लिहा, मुलांच्या हाती न लागेल असं ठेवा आणि वापरलेलं तेल-कूलंट घेणाऱ्या ठिकाणी द्या. इंजिन ऑइलमध्ये ते मिसळू नका, मिसळलेलं मग कोणी घेत नाही.

बोनेटच्या आत एक चिकटपट्टी लावून त्यावर तारीख, किलोमीटर, कूलंटचं स्पेसिफिकेशन आणि दोन्ही वाटांत प्रत्यक्ष किती लिटर गेलं ते लिहा. भरलेले लिटर क्षमतेशी जुळत नसतील, एखाद-दीड लिटर कमी गेलं असेल, तर तेवढी हवा अजून आत आहे. मग पाने पुसायच्या आधी गाडीचं नाक परत उचला.